वैमानिकासह

वजन घेताना माणूस आत विसरायची चूक फक्त आमच्याच धंद्यात होऊ शकते.

विमान काट्यांवर चढवायचं तर कुणाला तरी आत बसून ब्रेक सांभाळावे लागतात. दोन चाकं दोन काट्यांवर आणि शेपूट तिसऱ्यावर नीट टेकली, की आतल्याने खाली उतरायचं आणि मग आकडे लिहायचे, अशी रीत. पण आतला कधी मोबाइल बघत बसतो, कधी चक्क पेंगतो, आणि आम्ही बाहेरचे शहाणे त्याच्यासकट वजन मांडून मोकळे होतो. एकदा एका मालवाहू विमानाच्या नोंदीत ब्याण्णव किलो जास्तीचे निघाले. ते ब्याण्णव किलो नंतर हँगरच्या मागे चहा पिताना सापडले.

त्यामुळे त्या मंगळवारी काट्याच्या पडद्यावर बाराशे चौदा हा आकडा आला, तेव्हा आमचा काटकोन मान वर न करताच ओरडला, "कोण आहे रे वर? उतर खाली!"

कुणी उतरलं नाही. कारण वर कुणी नव्हतंच. ब्रेक धरायला त्या दिवशी खुद्द काटकोनच बसला होता, आणि तो तर खाली माझ्याशेजारी उभा होता.

काटकोन म्हणजे आमचा मुख्य जोडारी. चालतो सरळ, वळतो काटकोनात, आणि चहाचा कपसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवतो. बत्तीस वर्षं विमानं उघडण्यात आणि जोडण्यात गेलेला माणूस. त्याने हातातला कागद पुन्हा वाचला. कागदावर या विमानाचं रिकामं वजन होतं अकराशे सेहेचाळीस.

"अडुसष्ट किलो जास्त," तो म्हणाला. मग उगाचच हसला. "बाई, कुणीतरी अजून बसलंय."

मी हसले नाही. मला त्या विमानाबद्दल एक गोष्ट माहीत होती, आणि ती मी संग्रहालयात कुणालाही सांगितली नव्हती.

मी इथली नोंदणी अधिकारी. येणारं प्रत्येक विमान, पंखा, हेल्मेट, तुटका घड्याळकाटा माझ्या हातून दाखल होतो. लोकांना वाटतं, जुनी विमानं आपोआप उडत येऊन संग्रहालयात बसतात. प्रत्यक्षात विमान मिळवणं म्हणजे कुणाच्या तरी घरातला जुना पलंग मागण्यासारखं आहे. वर्षानुवर्षं अडगळ म्हणून त्याला शिव्या घालणाऱ्या घराला आपण तो मागितला की एकदम मायेचा उमाळा येतो. हे विमान एका तंत्रशाळेच्या आवारात शेहेचाळीस वर्षं उभं होतं. वायुदलाने ते मुलांना शिकायला म्हणून देऊन टाकलेलं. मुलांनी त्यातली घड्याळं काढून परत लावली, तारा काढून परत ओढल्या, इंजिन दहा वेळा खोलून जोडलं. पावसापाण्यात पत्रा पांढरा पडला. तरी माझ्या पत्रांना उत्तरं यायला चार वर्षं लागली.

शेवटी एकदाचे कागद झाले. पंख उतरवले, दोन ट्रकवर विमान चढवलं, वाटेतल्या झाडांच्या फांद्या छाटायला पुढे एक जीप ठेवली. आल्यावर तीन आठवडे प्लास्टिकच्या तंबूत, कीड हॉलमध्ये शिरू नये म्हणून. मग पंख परत जोडले. आता ते मोठ्या हॉलच्या छताला चार पोलादी दोरांनी टांगायचं होतं, आणि छताचा इंजिनिअर किलोपर्यंत अचूक वजन सांगितल्याशिवाय एक खिळाही ठोकायला तयार नव्हता.

तंत्रशाळेतला कार्यशाळा शिक्षक, निवृत्तीला आलेला मवाळ माणूस, विमान हलवायच्या दिवशी माझ्याजवळ आला होता. "बाई, या खुर्चीचे पट्टे कुणालाच सोडवता आले नाहीत," तो म्हणाला. "बकल बंदच आहे. आम्ही तेल घातलं, ठोकलं. शेवटी नाद सोडला."

"मग मुलं बसायची कशी?"

"पट्ट्यांखालून आत सरकून बसायची. पण एकदा बसलेलं पोरगं पुन्हा कधी बसायचं नाही." तो खाली बघत राहिला. "दरवर्षीची नवीन मुलं, एकमेकांना न ओळखणारी, पण उतरून एकच सांगायची. कुणाच्या तरी मांडीवर बसल्यासारखं वाटतं म्हणून."

त्या वेळी मी ते ऐकलं आणि दाखल-नोंदीच्या तक्त्यात लिहिलं, 'पट्ट्याचे बकल गंजलेले.' खोटं नव्हतं. पण मुलांचं म्हणणं मी मुद्दाम गाळलं, हेही खरंच.

कारण त्या विमानाच्या शेपटीवरचा क्रमांक मला लहानपणापासून पाठ होता. ते माझ्या मामाचं विमान होतं.

मामा चोवीस वर्षांचा असताना, त्रेपन्न वर्षांपूर्वी, एका सकाळी सरावाला म्हणून एकटाच त्या विमानातून गेला. दुपारी विमान एका कोरड्या तळ्यात सापडलं. तीन चाकांवर, सरळ, ओरखडासुद्धा नाही. काचेचं झाकण आतून लावलेलं. पट्टे बांधलेले, बकल बंद. पॅराशूट खुर्चीतच. मामा मात्र नव्हता. शोधपथक पोचेपर्यंत गुरं आणि गुराखी यांनी तळं तुडवून टाकलं होतं, त्यामुळे पावलांचा प्रश्नच मिटला. चौकशी झाली आणि निष्कर्ष निघाला, की वैमानिकाने विमान उतरवलं आणि तो पळून गेला. पट्टे बांधलेले कसे? तर म्हणे दिशाभूल करायला त्यानेच बाहेरून बांधले. आणि झाकण आतून लावलेलं कसं, यावर चौकशीने मौन पाळलं. कागदावर माणूस पळपुटा ठरवायला अक्कल लागत नाही, शिक्का लागतो.

त्या शिक्क्याने आमचं घर बसलं. आजोबांनी घराबाहेर पडणं सोडलं आणि दोन वर्षांत गेले. आईचं ठरलेलं लग्न मोडलं. माझ्या वडिलांशी तिचं लग्न झालं ते पुढे सहा वर्षांनी, दुसऱ्या शहरात, जिथे तिच्या भावाचं नाव कुणाला माहीत नव्हतं. पण आईचा राग चौकशीवर नव्हता. तो मामावर होता. आजोबा वायुदलाच्या अर्जावर सही करायला तयार नव्हते, तेव्हा धाकट्या भावासाठी तीन महिने भांडली होती ती आईच. 'त्याला मी पाठवलं आणि तो मला तोंडघशी पाडून पळाला,' हे तिने मनात घेतलं ते घेतलंच.

"कुठे का असेना, एक पत्र टाकायला काय हात मोडले होते?" हे वाक्य मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही. आमच्या अल्बममध्ये एक फोटो उलटा चिकटवलेला आहे. लहान असताना मी तो एकदा हळूच सोलून पाहिला. पायरीवर एक चार-पाच वर्षांचा मुलगा पाय पुढे करून बसलाय, आणि त्याच्यापेक्षा थोडीशीच मोठी एक मुलगी वाकून त्याच्या सँडलचं बकल लावून देतेय. मी फोटो परत चिकटवला. उलटाच.

विमान संग्रहालयात येतंय, हे मी आईला सांगितलं नव्हतं. आणि ते माझ्या मामाचं आहे, याबद्दल आमच्या संचालकसाहेबांना ताकास तूर लागू दिली नव्हती. नाहीतर ते काम माझ्याकडून काढून घेतलं असतं.

तर, अडुसष्ट किलो.

पुढचे दोन दिवस काटकोनाने ते अडुसष्ट किलो शोधण्यात घालवले. काटे बदलले. पंखांच्या पोकळीत पाणी साचलंय का बघितलं. एक वाटीभर निघालं. शेपटीतून पक्ष्यांची तीन घरटी निघाली, तीही कोरडी, मूठभर वजनाची. शिकवण्यासाठी इंजिन काढलं, की तोल राहावा म्हणून कधीकधी नाकात शिशाच्या विटा ठेवतात. त्या राहून गेल्या असतील म्हणून नाक उघडलं. विटा नव्हत्या. रंगाचे थर मोजले. शेवटी पुन्हा वजन घेतलं. बाराशे चौदा.

मधल्या काळात आमची जतनतज्ज्ञ कॉकपिट साफ करत होती. हिला सगळे चिमटा म्हणतात, कारण ती धूळसुद्धा चिमट्याने उचलते असा आमचा आरोप आहे. तरुण, हुशार, आणि एरवी अखंड बडबडी. ती दुसऱ्या दिवसापासून गप्प झाली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"बाई, खुर्चीच्या चामडी गादीत खळगा आहे."

"जुनी गादी आहे. असणारच."

"हो, पण मी हाताने दाबून तो बाहेर काढला. पुन्हा बघितलं तर परत आहे." ती हातमोजे काढत होती. एक बोट चुकून दोनदा ओढलं. "आणि पट्टे ढिले नाहीयेत. रिकाम्या खुर्चीवर बांधलेले पट्टे लोंबायला हवेत ना? ते छातीएवढ्या उंचीवर ताणलेले आहेत. मध्ये काहीच नाहीये."

"वाळून कडक झाले असतील."

"मीही तेच लिहिलंय," ती म्हणाली. आमच्या संग्रहालयात सगळे किती नीट लिहितात, हे मला तेव्हा कळलं.

गुरुवारी संध्याकाळी, सगळे निघून जायच्या वेळी, काटकोन माझ्या टेबलाशी आला. त्याच्या हातात आकडेमोडीचा कागद होता. त्याने तो टेबलावर तिरका टाकला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

"तीन काट्यांवर तीन आकडे येतात," तो हळू आवाजात म्हणाला. "जास्तीचं वजन कुठल्या काट्यावर किती पडतंय, त्यावरून ते विमानात नेमकं कुठे आहे हे काढता येतं. शाळेतलं गणित आहे, बाई. डाव्या चाकावर अठ्ठावीस, उजव्यावर सत्तावीस, शेपटीवर तेरा."

"मग कुठे आहे?"

"खुर्चीत," तो म्हणाला. "खुर्चीच्या खाली नाही, मागे नाही. खुर्चीत."

साहेबांना हे सांगायचं धाडस आम्ही दोघांनी मिळून केलं. साहेब वाईट माणूस नाही, पण त्यांना उद्घाटनाची तारीख दिसली की बाकी जग दिसत नाही. "खुर्चीत म्हणजे खुर्चीच्या आत शिशाचे पत्रे असतील," ते म्हणाले. "मंगळवारी सकाळी पट्टे कापा, खुर्ची काढा, तोला आणि संपवा." मग त्यांनी माझ्यापुढे फलकाचा मसुदा सरकवला. "आणि हे बघून घ्या."

मसुद्यावर मोठ्या अक्षरांत होतं, 'पळालेल्या वैमानिकाचे विमान.'

"लोक बघायला येतील," साहेब खुशीत म्हणाले.

माझ्या डोळ्यांसमोर आई आली. एकोणऐंशी वर्षांची, सांधे धरलेली. पहिल्या दिवशीच तिला कुणीतरी वर्तमानपत्र दाखवणार. छताला टांगलेला तिचा अपमान, खाली पोराटोरांची रांग आणि प्रकाशझोत. मी मसुदा घेतला आणि म्हणाले, "एकदा जुनी फाइल तपासते, साहेब." काटकोनाने माझ्याकडे बघितलं.

विमानाची फाइल विमानाबरोबरच आली होती. सुतळीने बांधलेला गठ्ठा. चौकशीचे कागद मी पूर्वीच वाचले होते. वाचून दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. पण मागचे तांत्रिक तक्ते मी चाळून सोडून दिले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. शुक्रवारी दुपारी दार लावून मी एकेक तक्ता बाहेर काढला.

विमान सापडल्यानंतर अकराव्या दिवशी वायुदलाने त्याचं वजन केलं होतं. तक्त्यावर आकडा होता बाराशे चौदा. शेवटच्या रकान्यात, शेरा म्हणून, निळ्या शाईत, वजन घेणाऱ्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'वैमानिकासह.'

त्यावर लाल रेघ होती. शेजारी कुणा अधिकाऱ्याची सही. आणि त्याखाली, त्याच निळ्या शाईत, पण अगदी बारीक अक्षरात, 'पुन्हा घेतले. तेच.'

मी ते पुन्हा वाचलं. त्या अनोळखी माणसाला वरून दम मिळाला असणार, आणि तरी त्याने जाऊन परत वजन घेतलं होतं. त्याच फाइलमध्ये मामाची शेवटची वैद्यकीय तपासणी होती. वजन त्रेसष्ट. वर पोशाख, बूट, टोपी यांचे चार-पाच धरा.

मामा पळाला नव्हता. मला भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण भीतीच्या आधी रडू आलं.

संध्याकाळी घरी गेले, तेव्हा आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. विमान आलंय इथपासून ते लाल रेघेपर्यंत. ती सोलत राहिली. एक दाणा खाली पडला आणि टेबलाखाली गेला, तो तिने जाऊ दिला.

"म्हणजे तो गेलाच नाही?" तिने शेवटी विचारलं.

"मला माहीत नाही, आई. वजन आहे, एवढंच माहीत आहे."

"आणि बकल उघडत नाही म्हणतेस?"

"कुणालाच नाही. मंगळवारी कापणार आहेत."

आईने वाटी बाजूला सरकवली. "कापणार? त्याच्या अंगावर कात्री चालवणार?" तिचा आवाज इतका चढला की शेजारच्यांनी ऐकलं असेल. "सोमवारी तुमचं बंद असतं ना? मला घेऊन चल."

सोमवारी सकाळी अकरा वाजता मी तिला हँगरमध्ये नेलं. वरच्या काचांतून स्वच्छ ऊन येत होतं. अशा गोष्टी अंधारात घडतात असं मला वाटायचं. पण त्या उन्हात पंखावरचा प्रत्येक खिळा मोजता येत होता. विमान अजून काट्यांवरच होतं. काटकोन पडद्यापाशी, चिमटा शिडीपाशी. मी त्या दोघांना आदल्या दिवशी खरं काय ते सांगितलं होतं. चिमट्याने तोंडावर हात ठेवला होता. काटकोन फक्त म्हणाला होता, "आईंना चढायला रेलिंगवाली शिडी लावतो."

ती चाकांची शिडी विमानाच्या डाव्या अंगाला, पंखाला लागूनच उभी होती. विमानाला तिचा कुठेही स्पर्श नव्हता. आई एकेक पायरी थांबत चढली. मी मागे. वर पोचल्यावर तिने आत डोकावून बघितलं. रिकामी खुर्ची. ताणलेले पट्टे. गादीत खळगा.

"धाकल्या," ती म्हणाली.

ती हाक मी जन्मात कधी ऐकली नव्हती.

"किती शिव्या घातल्या रे तुला," आई म्हणाली. "रोज. सकाळी उठून शिव्या. पत्र टाकत नाही म्हणून. आणि तू आपला इथे बसलेला. पोरांनी तुझ्या मांडीवर नाचावं आणि तू बसून राहावंस. हाक तरी मारायचीस!" तिचे डोळे वाहत होते आणि ती पुसत नव्हती. मग ती एकदम रागावली, अगदी घरच्यासारखी. "पण हाक कसली मारतोयस. लहानपणापासून तुला एक बकल धड सोडवता येत नाही. ओढत बसायचं नुसतं. किती वेळा सांगितलं, आधी आत ढकलायचं, मग ओढायचं."

तिने हात आत घातला. सांध्यांनी वाकडी झालेली ती बोटं. तिला बरणीचं झाकण उघडत नाही. अंगठ्याने तिने बकल आत ढकललं आणि ओढलं.

टक्क असा साधा आवाज झाला.

सुटलेले पट्टे खाली पडायला हवे होते. ते आधी वर गेले. खांद्यावरून काढताना जातात तसे, एक आणि मग दुसरा. आणि मगच मागे पडले. गादीतला खळगा हळूहळू भरून आला.

"बाई," खालून काटकोनाचा आवाज आला. "डावीकडे वाढतंय." त्याचा आवाज सपाट होता, आकडे वाचताना असतो तसा, आणि बहुधा त्या आवाजाला धरूनच तो उभा होता. "डावं चाक पाचशे साठ. पाचशे पंच्याहत्तर. पाचशे एकोणनव्वद. शेपटीवरचं गेलं. बाई, ते पंखावर आलंय."

वैमानिक उतरतात ते डाव्या पंखावरूनच. पंखाच्या पत्र्यावर, आमच्यापासून हातभर अंतरावर, कट्‌ असा आवाज झाला, माणसाचा पाय पडला की पत्रा दबतो तसा. मी रेलिंग घट्ट धरलं. आईने मात्र अंग चोरलं आणि एका बाजूला सरकली, अरुंद जिन्यात कुणाला तरी वाट द्यावी तशी.

"उतर सावकाश," ती म्हणाली. "बसून बसून पाय आखडले असतील."

शिडीच्या पायऱ्या वरून खाली, एकेक करून, करकरल्या. शेवटच्या पायरीपाशी चिमटा उभी होती. ती मागे झाली. नंतर मी विचारलं तर म्हणाली, गार वगैरे काही वाटलं नाही, फक्त तेलाचा आणि घामाचा वास आला.

"अकराशे सेहेचाळीस," काटकोन म्हणाला, आणि पडद्याशेजारच्या स्टुलावर बसला.

आईला चिमट्याने गाडीपर्यंत नेलं. मी वजनाचा नवा तक्ता भरायला मागे राहिले, कारण तक्ता त्या त्या वेळीच भरायचा, हा नियम मीच केलेला आहे. आकडे काटकोनाने सांगितले, मी लिहिले. शेऱ्याच्या रकान्याशी माझा हात थांबला.

"साहेब विचारतील, अडुसष्ट किलो गेले कुठे," मी म्हणाले.

"जे झालं ते लिहा," काटकोन म्हणाला. "त्या बिचाऱ्यानेही तेच केलं होतं. फक्त त्याच्याबरोबर सही करायला कुणी नव्हतं."

मी लिहिलं, 'वैमानिक उतरल्यानंतर.' खाली सही केली. काटकोनाने माझ्या सहीखाली आपली केली, आणि कागद टेबलाच्या कडेला समांतर लावून ठेवला. जुना तक्ता मी त्याच्याशेजारी ठेवला. फलकावर दुसरं काही नाही, हे दोन कागद लागतील, असं मी ठरवलं. साहेबांना आवडलं नाही तर त्यांनी माझ्या जागी दुसरी बघावी. साहेबांचा मसुदा मी फाडला, आणि फाडताना मला फार बरं वाटलं.

बाहेर आले तेव्हा आई गाडीत मागे बसली होती. गुडघे लांब करता येतात म्हणून ती नेहमी मागेच बसते. डोळे सुजलेले, पण चेहरा इतका मोकळा, की क्षणभर मला अल्बममधली मुलगी आठवली.

मी बसले, पट्टा लावला, किल्ली फिरवली. गाडी टूं टूं वाजायला लागली. पुढच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की वाजते ती. मी बघितलं. शेजारच्या सीटवर पर्स नव्हती, पिशवी नव्हती, काहीच नव्हतं. लाल दिवा लुकलुकत होता. मी किल्ली बंद करून पुन्हा फिरवली. टूं टूं.

माझे हात स्टिअरिंगवरून हलेनात.

"अगं, बघत काय बसलीस?" मागून आई म्हणाली. "लावून दे त्याला. त्याला कधी जमलंय का?"

मी वाकले. पट्टा ओढून पलीकडून अलीकडे आणला आणि खाचेत बसवला. आवाज थांबला. पट्टा सीटला टेकला नाही. तो वीतभर पुढे, अधांतरी, एका लयीत किंचित वर-खाली होत राहिला.

"आता घरी चल," आई म्हणाली. "आणि तो फोटो सुलटा लाव."